दोन ठोके

“पाय काढलास काय गं?” गाडीखालून अण्णांचा आवाज आला.

“काढला की. ठोकलासा न्हवं तुम्ही?”

“ठोकलं न्हाई, पाना पडला हातातनं! झालं. परत हवा घेतली तिनं. आता सगळं पहिल्यापासनं.”

“आन् मला कसं कळणार वर बसून, पाना पडला का तुम्ही ठोकलं ते?”

“एक आला तर काढायचा न्हाई. दोन आले तरच काढायचा. एवढं सोपं हाय. शाळा शिकलीयास न्हवं?”

मी ओठ चावत पुन्हा ब्रेकवर पाय ठेवला. गाडी अंगणात होती, चारही चाकं लाकडी ओंडक्यांवर चढवलेली. ड्रायव्हरच्या दारापाशी, पोत्यावर, अण्णांचे पाय गुडघ्यापर्यंत बाहेर दिसत होते. बाकीचे अण्णा गाडीच्या पोटात होते.

ब्रेकच्या नळीत हवा राहिली की पॅडल कितीही दाबा, गाडी थांबत नाही. ती हवा काढायला दोन माणसं लागतात. एकानं वर बसून पॅडल दाबून धरायचं, दुसऱ्यानं खाली चाकामागचा छोटा नट सैल करायचा. नटातून तेल आणि हवेचे बुडबुडे बाहेर पडतात, पॅडल पायाखाली तळाला जातं. तिथंच धरून ठेवायचं. खालच्यानं नट आवळला की मगच पाय काढायचा. त्याआधी काढला तर पॅडल वर येता येता बाहेरची हवा आत ओढून घेतं आणि केलेलं सगळं वाया जातं. अण्णांची खूण ठरलेली होती. पान्यानं पत्र्यावर एक ठोका म्हणजे दाब. दोन म्हणजे काढ.

तोंडानं सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं, असं कुणालाही वाटेल. पण आम्ही इचलकरंजीचे. आमच्या गल्लीत दोन्ही बाजूंना यंत्रमाग. खडखडाट इतका, की नवा पाहुणा आला की पहिले दोन दिवस त्याला जेवण गोड लागायचं नाही. अण्णा जन्मभर मागावर जॉबर होते, म्हणजे माग बिघडला की तो दुरुस्त करणारे. शेडमध्ये कुणी कुणाला हाक मारत नाही, मारली तरी ती पोचत नाही. लोखंडावर पाना ठोकायचा आणि माणसानं वळून बघायचं, ही तिथली बोलायची रीत. आई त्याच शेडमध्ये सुताच्या कांड्या भरायला जायची. तिथल्या आवाजानं तिचे कान पुढं मंद झाले. मग घरातही अण्णा तिच्याशी ठोक्यांनीच बोलायला लागले. चहा हवा असला की पितळी तांब्यावर नखानं टकटक करायची, बाहेर निघायचं असलं की उंबऱ्यावर टाच आपटायची. आईला ते जमिनीतनं कळायचं. आम्ही गळा फोडून हाका मारल्या तरी तिला पत्ता नसायचा आणि अण्णांनी तिकडं तांब्याला बोट लावलं की ही इकडं चहाचं आधण ठेवायची. मला याचा राग यायचा, हेवाही वाटायचा.

तर त्या दिवशी माझा पाय आणखी एकदा चुकला. अण्णा गाडीखालनं सरपटत बाहेर आले, कपाळावर तेल, भुवईत माती.

“ऊठ. ऊठ तू तिथनं. तुझ्या आईला बोलाव.”

फियाट होती ती. शेडच्या मालकांची. मागच्या बाजूला उंबराखाली बरीच वर्षं पडून होती, तिच्या मागच्या सीटवर कोंबड्या अंडी घालायच्या. माग विकले गेले, शेडला कुलूप लागलं, तेव्हा मालक अण्णांना म्हणाले, “मल्लूअण्णा, तुम्हाला काय देऊ सांगा.” अण्णांनी उंबराकडं बोट दाखवलं. गल्लीतल्या माणसांनी ढकलत ती आमच्या दारात आणली. आई ओट्यावर उभी होती. म्हणाली, “लोकं म्हातारपणी गाय आणत्यात. आमच्याकडं हे आलंय.”

पण मग तीच रोज संध्याकाळी ओट्यावर बसून बघायची. अण्णा घाई करायचे नाहीत. एक दार उतरवलं की महिनाभर त्याच दाराशी संसार. सडलेला पत्रा कापून नवा जोडला. रंग मारला तो मागाला मारतात तसला हिरवा, कारण तोच त्यांच्या हाताला माहीत होता. दाराच्या आतले पट्टे तुटले होते तिथं मागाच्या चामड्याच्या वाद्या लावल्या. आईचे गुडघे वाकायचे नाहीत म्हणून मागची सीट उंच करून घेतली आणि दारापाशी चढायला एक लोखंडी पायरी बसवली. फियाटला पायरी कुणी बघितलीय का? गल्लीतली सगळी हसली. अण्णा म्हणाले, “हसू द्या. तुमच्या बायका चढताना बघा, मग मी हसतो.”

हे सगळं कशासाठी चाललं होतं ते घरात सगळ्यांना ठाऊक होतं. आईचं माहेर रबकवी. लग्नात तिच्या थोरल्या भावानं चारचौघांत अण्णांना विचारलं होतं, “आमच्या बहिणीला एस्टीनंच नेणार काय जन्मभर?” मामा ते कधीच विसरून गेला. आईपण विसरली. अण्णा तेवढे विसरले नव्हते. “रबकवीला, तुझ्या भावाच्या दारात गाडी उभी करीन,” असं ते म्हणायचे, आणि आई म्हणायची, “थांबली तर उभी कराल. हिला ब्रेक कुठाय?”

ब्रेक हे शेवटचं काम राहिलं होतं.

आई पदर खोचून आली. चपला गाडीबाहेर काढून ठेवल्या, देवळात जाताना काढतात तशा. आत बसली तेव्हा तिचे पाय जेमतेम पॅडलला पोचले. खाली अजून चटई घातली नव्हती, उघडा पत्रा होता. डावं पाऊल तिनं पत्र्यावर सपाट टेकवलं, उजवं ब्रेकवर ठेवलं आणि समोर बघत बसली.

एक ठोका. आईनं दाबला. मग बराच वेळ काही नाही. मग दोन ठोके. आईनं पाय काढला.

मध्येच पाना निसटून ठण्णकन पडला. मी आईच्या पायाकडं बघितलं. तो जागचा हलला नाही.

“बघ,” अण्णा खालून ओरडले, “पाय असावा तर असा! शीक जरा!”

“काय म्हणालेत?” आईनं मला विचारलं.

“तुझ्या पायाचं कौतुक चाललंय.”

“इश्श,” आई म्हणाली आणि पाय तसाच दाबून धरून लाजली.

मागची दोन चाकं त्या दिवशी झाली. पुढचं डावं दुसऱ्या दिवशी. ड्रायव्हरच्या बाजूचं, आईच्या पायाखालचं, तेवढं राहिलं.

ते करायचं होतं त्या दुपारी मी शिवणाच्या क्लासला गेले होते. परत आले तेव्हा गल्लीत माग चालू होते, रोजच्यासारखे. फाटक उघडलं. गाडीच्या बॉनेटवर कपबशी होती, चहावर जाड साय धरली होती. पोत्यावर अण्णांचे पाय बाहेर. आई आत बसलेली, दोन्ही हात स्टिअरिंगवर, समोर बघत.

“अण्णा, चहा गार झाला की,” मी म्हणाले.

मग आईला मोठ्यानं म्हणाले, “अजून झालं न्हाई?”

आईनं माझ्याकडं न बघता मान हलवली. “गप. धरलाय मी. ते सांगायचेत अजून.”

“कवापासनं?”

“लई वेळ झाला. आज लई वेळ लावलाय. पायाला मुंग्या आल्यात बघ. पण काढला तर हवा शिरंल.”

मी अण्णांच्या पायांकडं बघितलं. एका पायातली चप्पल निघाली होती. नेहमी ते काम करताना अंगठा हलवत राहायचे, खाली कुठल्या तरी गाण्याचा ठेका चालायचा त्यांचा. अंगठा हलत नव्हता.

मी खाली बसले. हात लावला. पुढचं मला सलग आठवत नाही. मी ओरडले ते शेजारच्या कल्लाप्पाकाकांना मागाच्या आवाजात कसं ऐकू गेलं देव जाणे. त्यांनी आणि मी अण्णांना पोत्यासकट बाहेर ओढलं. डॉक्टर आले. त्यांनी सांगितलं की हृदय बंद पडलं, एका झटक्यात गेलं सगळं, कुणी शेजारी बसलेलं असतं तरी हातात काही नव्हतं.

आई अजून गाडीतच होती. कल्लाप्पाकाका म्हणत होते, वहिनी, उतरा. तिला दिसत होतं काय झालंय ते. तिला कळतही होतं. तरी तिचा पाय ब्रेकवर होता. शेवटी मी वाकून तिची पोटरी दोन्ही हातांनी धरली आणि पाय उचलून बाजूला ठेवला. पॅडल वर आलं. खाली नट उघडाच होता, तिथून हवा आत ओढली गेली असणार.

“शिरली,” आई म्हणाली.

त्या दिवशी माझा पाय असता तर मी कधीच काढला असता, वैतागून खाली उतरले असते, अण्णा काय चाललंय म्हणून वाकून बघितलं असतं. माझ्या वाईट सवयीचा तेवढा एक दिवस उपयोग झाला असता. डॉक्टर काही म्हणोत, हे माझ्या मनातनं जात नव्हतं. आणि मला वाटायचं, आईच्या मनातही हेच असणार.

दिवसकार्य होईपर्यंत आई रडली नाही. लोक येत होते, बसत होते, तिच्या कानाशी मोठ्यानं बोलत होते. ती सगळ्यांना चहा विचारत होती. माझा भाऊ सुधाकर पुण्याहून आला होता. तो दिवसातून दहादा अंगणातल्या त्या हिरव्या गाडीकडं बघायचा आणि तोंड फिरवायचा. सगळं उरकल्यावर म्हणाला, “हेमा, मी भंगारवाल्याला सांगून आलोय. उद्या येऊन घेऊन जाईल. ती गाडी डोळ्यांसमोर असली तर आई यातनं बाहेर यायची नाही.”

आईला ते ऐकू गेलं नसणार. पण ती ओट्यावर होती आणि त्याचे ओठ बघत होती.

“द्यायची न्हाई,” ती म्हणाली.

“आई, कुणी चालवायची ती?”

“तू. रबकवीला न्यायचीस मला. एकदा न्हे, मग काय करायचं ते कर.”

“तिला ब्रेक नाही, आई.”

“एक चाक राहिलंय नुसतं,” आई म्हणाली. “हेमा काढंल.”

 मला पाना कसा धरायचा ते माहीत होतं, इतके महिने अण्णांच्या हाताशी राहून बघत होते. पण पाठ टेकायची होती ती त्याच पोत्यावर, त्याच जागी.

“संध्याकाळी वीज जाईल, माग बंद होतील, तेव्हा करू,” मी म्हणाले. “तुला नीट कळेल.”

“न्हाई. माग चालू असतानाच करायचं,” आई म्हणाली. “त्या दिवशी चालू हुते.”

तेव्हा मला तिचं बोलणं उमगलं नाही.

दुपारी मी गाडीखाली शिरले. सुधाकर घरात जाऊन बसला, त्याला ते बघवेना. वर पत्रा, नाकाला ब्रेकच्या तेलाचा वास, पाठीखाली जमीन मागांनी थरथरत होती. सर्दीच्या औषधाची बाटली तिथंच होती, तेल उतरवून घ्यायला अण्णांनी ठेवलेली. नट होता तसाच उघडा. मी तो आधी आवळला. वर आईचं वजन सीटवर बसल्याचं कळलं, मग पत्र्यावर तिचं डावं पाऊल टेकलं.

मी एक ठोका मारला. आईनं दाबला. नट सैल केला, बुडबुडे आले. आवळला, दोन ठोके मारले. आईनं काढला. चार-पाच वेळा झालं.  मला वाटलं, जमतंय.

“हेमे,” आईचा आवाज आला. तिनं मान दाराबाहेर काढली असावी. “आता दाबल्यावर पाना पाड.”

“काय?”

“पाना पाड म्हणते. हातातनं सोडून दे नुसता.”

मी एक ठोका मारला, तिनं दाबला, मी पाना सोडला. तो पत्र्याला लागून माझ्या कानाशेजारी पडला.

“आता एकच ठोक. हळू. दमल्या माणसानं ठोकल्यागत.”

मी ठोकला.  मग ती म्हणाली, “परत पाड.” मी पाडला. “परत ठोक.” मी ठोकला. 

“आई, काय करालीयास हे?”

तिला ते पोचलं नसणार, पण तिनं आपणहून सांगितलं, भाजीत मीठ किती घातलं ते सांगावं इतक्या साध्या आवाजात.

“त्या दिवशी एक आला हुता गं. मी धरून बसले हुते. मध्येच एक आला. मी म्हटलं, पाना पडला असंल. नेहमी पडतोय. दोन आल्याबिगर काढायचा न्हाई म्हणून सांगितलं हुतं त्यांनी. मग मी दुसऱ्याची वाट बघत बसले.”

इतके दिवस हे एकटीनं धरून बसली होती ती. आल्यागेल्याला चहा विचारत होती आणि आत हे घोळवत होती, की तो पाना पडला होता की अण्णांनी दोन ठोके मारायला घेतले आणि त्यांच्यानं एकच झाला. हे कळायला जगात दुसरा उपाय नव्हता. तिच्या तळपायालाच काय ते माहीत होतं.

“मग?” मी विचारलं. माझा आवाज तिला पोचला नाही. मी अर्धी बाहेर सरकले, दाराकडं तोंड करून ओरडले, “मग काय हुतं ते, आई?”

आई खाली माझ्याकडं बघत होती. मी तेलानं माखलेली, रडून नाक लाल झालेलं. अण्णांच्या जागी, अण्णांच्या पोत्यावर. 

“पडला हुता,” ती म्हणाली. “पानाच पडला हुता गं. ठोकलं न्हाई त्यांनी. आता कळलं.”

मी डोळे मिटले. मला इतकं हलकं वाटलं, की मी पोत्यावर तशीच पडून हुंदके देऊन रडले. आईनं दारातून हात खाली सोडला, माझ्या डोक्यापर्यंत पोचला तेवढा. मग म्हणाली, “चल, राहिलंय ते पुरं कर. उन्हं उतरालीत.”

दोन-तीन वेळा केल्यावर तेल स्वच्छ यायला लागलं, एकही बुडबुडा नाही. पॅडल दगडासारखं घट्ट झालं. अण्णांनी बघितलं असतं तर म्हणाले असते, शिकलीस बाई एकदाची.

पुढच्या रविवारी आम्ही रबकवीला निघालो. सुधाकर चालवत होता. त्याच्या शेजारच्या सीटवर मामाकडं न्यायचं सामान, आणि मागं आई आणि मी. आई अण्णांनी केलेल्या पायरीवरनं चढली, कुणाचा हात न धरता. उंच सीटवर ताठ बसली, दाराची चामड्याची वादी मुठीत धरून. गल्लीतल्या बायका ओट्यावर आल्या होत्या, एकही हसली नाही. गाडी सुंदर चालत होती. वाटेत सुधाकर म्हणालाही, “अण्णांनी काय केलंय हे! ब्रेक तर लोण्यासारखा लागतोय.”

पुढं कृष्णेचा पूल ओलांडल्यावर एक म्हशींचा कळप आडवा आला. सुधाकरनं ब्रेक दाबला. माझी नजर सहज खाली गेली. आईनं चपला काढून ठेवल्या होत्या. डावं पाऊल पत्र्यावर सपाट टेकलेलं होतं, आणि उजवं तिनं खाली दाबलं होतं, बोटं पांढरी पडेपर्यंत.

गाडी थांबली. म्हशी गेल्या. सुधाकरनं गिअर टाकला, गाडी निघाली, वेग घेतला.

आईचा पाय तसाच होता. ती समोर बघत होती, आणि कान नसलेली माणसं ऐकतात तशी, सगळ्या अंगानं ऐकत होती. त्या क्षणी मला कळलं की मी गाडीखाली असताना ती माझ्याशी खोटं बोलली होती. पाना पडला नव्हता. तो अण्णांचा ठोका होता, आणि ती अजून दुसऱ्याची वाट बघत होती.

रबकवी येईपर्यंत किती तरी वेळा ब्रेक लागला. दर वेळी तिनं पाय आणखी दाबला, आणि एकदाही आपणहून काढला नाही. शेवटी मामाच्या दारात गाडी उभी राहिली, मामा धावत बाहेर आला, “सगुणे, गाडीतनं आलीस की गं!” म्हणून त्यानं दार उघडलं, तरी ती उतरेना. सगळे तिच्याकडं बघत होते. मी हळूच खाली वाकले, आणि बोटाच्या पेरानं तिच्या पावलाशेजारच्या पत्र्यावर दोनदा ठोकलं.

आईनं पाय काढला. मग माझ्या खांद्यात तोंड खुपसून ती, अण्णा गेल्यापासून पहिल्यांदा, रडली.